पुनःश्वसन यंत्र व निमज्जन
पाण्याखाली उतरलेल्या माणसाचा उच्छ्वास पाण्यात सोडून न देता तो बंद मंडलात फिरविणारे, त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेणारे व शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनाची भर घालून तोच वायू पुन्हा श्वासासाठी पुरविणारे साधन म्हणजे पुनःश्वसन यंत्र होय. या यंत्राचे लाभ आणि धोके ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत. दोन्ही एकाच गोष्टीतून, म्हणजे श्वास बंद मंडलात कोंडण्यातून, उद्भवतात. यंत्राचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहता ही गोष्ट ध्यानात येते.

रायगड जिल्ह्यात या विषयाला दोन बाजू आहेत. उरण तालुक्यातील करंजा परिसरात नौदलाच्या सागरी कमांडो दलाचा ‘अभिमन्यू’ हा तळ असून अशा दलांच्या कामात बुडबुडे न सोडणाऱ्या यंत्राला महत्त्व आहे. जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत मात्र पाणबुड्याची गरज मुख्यतः नदीचे डोह, धबधब्यांखालची कुंडे व धरणांचे जलाशय यांत बुडालेल्यांचा शोध घेण्यासाठी भासते. एका ठिकाणी उपयुक्त ठरणारे साधन दुसऱ्या ठिकाणी तितकेच उपयुक्त ठरेल का, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. त्यात शोध घेणाऱ्याच्या प्राणाचाही प्रश्न असतो.

तत्त्व व रचना : श्वासावाटे घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, उच्छ्वासात तो १६ ते १७ टक्के उरतो आणि सुमारे ४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळलेला असतो. म्हणजे प्रत्येक श्वासातील बहुतेक ऑक्सिजन न वापरताच बाहेर टाकला जातो. नेहमीच्या विवृत-मंडल संचात हा उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने वाया जातो आणि खोलीबरोबर ही नासाडी वाढत जाते. पाण्यावर मिनिटास २० लि. हवा घेणारा पाणबुडा २० मी. खोलीवर, म्हणजे सुमारे तीन वातावरण दाबाखाली, पृष्ठभागाच्या मापाने ६० लि. हवा खर्च करतो. १० लि. धारकतेची व २०० बार दाबाने भरलेली टाकी त्याला अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. शरीराला लागणारा ऑक्सिजन मात्र खोलीवर अवलंबून नसून श्रमावर अवलंबून असतो. मध्यम श्रमात तो मिनिटास १ ते १.५ लि. इतकाच असतो. म्हणून पुनःश्वसन यंत्रातील २ लि. धारकतेची लहानशी ऑक्सिजनाची टाकीही चार-पाच तासांस पुरेल इतका वायू देऊ शकते. प्रत्यक्षात मुक्कामाची मर्यादा टाकीपेक्षा शोषक द्रव्यावरून ठरते.

यंत्रात मुखनलिका, एकाच दिशेने वायू जाऊ देणाऱ्या झडपा, छातीवर अथवा पाठीवर बसविलेली लवचिक श्वासपिशवी, शोषकाचा डबा आणि वायूच्या टाक्या हे भाग असतात. शोषक म्हणून बहुधा सोडा लाइम वापरतात. त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचा कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट व पाणी तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले असता ती दुधाळ होते, हा शाळेतील प्रयोग याच विक्रियेचा आहे. विक्रियेतील उष्णतेमुळे व आर्द्रतेमुळे या यंत्रातून मिळणारा श्वास उबदार व ओलसर असतो. टाकीतील कोरड्या, गार हवेने घसा सुकतो, तसे येथे होत नाही.

यंत्राचे मुख्यतः तीन प्रकार आहेत : (१) केवळ ऑक्सिजनावर चालणारा संवृत संच, (२) ठरावीक मिश्रणाचा अखंड प्रवाह देऊन जादा वायू अधूनमधून बाहेर सोडणारा अर्धसंवृत संच, आणि (३) ऑक्सिजन व दुसरा विरलक वायू (हवा अथवा हीलियममिश्रण) यांचे प्रमाण संवेदकांच्या साहाय्याने राखणारा मिश्रवायू संवृत संच.

इतिहास : पेशी सिद्धांताच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या थेओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विषारी वायूने भरलेल्या खाणीत जाण्यासाठी अशा उपकरणाची कल्पना मांडली. पाण्याखाली वापरता येण्याजोगे पहिले व्यवहार्य यंत्र हेन्री फ्ल्यूस या इंग्रज अभियंत्यांनी १८७८ मध्ये बनविले. त्यात कॉस्टिक पोटॅशच्या विद्रावात भिजविलेले दोराचे तंतू शोषकाचे काम करीत. त्याची कसोटी लवकरच लागली. इंग्लंड व वेल्स यांना जोडणाऱ्या सेव्हर्न बोगद्याचे बांधकाम चालू असता १८७९ मध्ये त्यात पाणी शिरून काम बंद पडले. पाणी उपसण्यासाठी आत उघडा राहिलेला लोखंडी दरवाजा बंद करणे अवश्य होते. अलेक्झांडर लँबर्ट हे पाणबुडे प्रथम नेहमीच्या पोशाखात गेले. पण मागे ओढाव्या लागणाऱ्या हवेच्या लांबलचक नळीमुळे त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १८८० मध्ये फ्ल्यूस यांचे यंत्र लावून ते काळोख्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यातून सुमारे ३०० मी. आत गेले व त्यांनी दरवाजा बंद केला. पाणबुड्याला वर जोडून ठेवणारी नळी या यंत्राने नाहीशी केली. मात्र नळी गेली, तशी वर उभ्या असलेल्या साथीदारांची देखरेखही गेली.

त्याच १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी दाबाखालील ऑक्सिजन प्राण्यांस विषारी ठरतो व त्याने झटके येतात, हे आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. प्राणवायू म्हणून ज्याची ख्याती, तोच वायू खोल पाण्यात घातक ठरतो, हे सत्य पाणबुड्यांच्या व्यवसायात रुजण्यास मात्र आणखी साठ वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट डेव्हिस यांनी फ्ल्यूस यांच्या यंत्रात सुधारणा करून बुडालेल्या पाणबुडीतून सुटका करून घेण्याचा संच तयार केला व १९२९ मध्ये ब्रिटिश नौदलाने तो स्वीकारला. १९३१ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगत बुडालेल्या ‘पोसायडन’ या पाणबुडीतील काही नाविक या संचामुळे वाचले. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. तिच्यावरील चौघे या संचाच्या आधारे वर आले. उरलेले ९९ जण आतील हवेत साठत गेलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाने हतबल होऊन मृत्यू पावले. या दुर्घटनेनंतर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर प्रयोग करून कार्बन डाय-ऑक्साइड, ऑक्सिजन व नायट्रोजन यांचा दाबाखाली होणारा परिणाम तपासला. ऑक्सिजनाच्या झटक्याने त्यांच्या पाठीच्या मणक्यांस कायमची इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले.

बंद जागेतील हवेचा अभ्यास कर्जत-खालापूरच्या माथ्यावरही झालेला आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे स्थापन केलेल्या कैवल्यधाम या संस्थेत १९६०–७० या दशकात हवाबंद खड्ड्यात बसलेल्या व्यक्तींवर शास्त्रीय निरीक्षणे करण्यात आली. भूमिगत समाधीच्या दाव्यांची तपासणी हा त्या प्रयोगांचा विषय असला, तरी प्रश्न पाणबुड्याचाच होता : कोंडलेल्या हवेत माणूस किती वेळ राहू शकतो आणि त्याला प्रथम काय जाणवते?

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सिजन संचाला युद्धसाधनाचे स्थान मिळाले. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे सहा इटालियन नौसैनिकांनी मानवचलित पाणतीरांवर बसून अलेक्झांड्रिया बंदरात प्रवेश केला व ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलिअंट’ या ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. बुडबुडे वर न आल्यामुळे त्यांचा सुगावा लागला नव्हता. या हल्ल्यानंतर ब्रिटिश नौदलाने केनेथ डॉनल्ड यांच्याकडे ऑक्सिजनविषबाधेचे संशोधन सोपविले. एकाच खोलीवर एकास काही मिनिटांत झटका येतो, तर दुसरा बराच वेळ टिकतो. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाची सहनशक्ती रोज वेगळी असते, असे त्यांना आढळले. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सुमारे ७.५ मी. पेक्षा खोल न जाण्याची मर्यादा या प्रयोगांतून निघाली. फ्रान्समध्ये झाक ईव्ह कूस्तो यांनाही ऑक्सिजन संच वापरताना दोनदा झटके आले होते. कूस्तो व एमील गान्याँ यांनी १९४३ मध्ये तयार केलेला विवृत-मंडल संच हवेवर चालणारा होता. वापरण्यास सोपा असल्याने युद्धानंतर तोच जगभर पसरला आणि पुनःश्वसन यंत्र बव्हंशी नौदलांपुरते उरले.

भारताच्या नौदल इतिहासात या यंत्राचा अभावही बोलका आहे. १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्ती वाहिनीतील तरुणांना पलाशी येथे भागीरथीच्या पात्रात भारतीय नौसैनिकांनी जलयुद्धाचे शिक्षण दिले. या मोहिमेची प्रत्यक्ष धुरा वाहणाऱ्यांत पुढे महावीरचक्राचे मानकरी ठरलेले कमांडर एम. एन. सामंत हे मराठी अधिकारी होते. १५–१६ ऑगस्टच्या रात्री चितगाँग, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथील जहाजांवर जे हल्ले झाले, ते पायांत पंखे बांधून, अंगाशी सुरुंग घेऊन, श्वास रोखून बुडी मारणाऱ्या पोहणाऱ्यांनी केले. त्यांच्यापाशी श्वसनयंत्रे नव्हती. भारतीय नौदलाचे सागरी कमांडो दल त्यानंतर १९८७ मध्ये उभे राहिले.

मिश्रवायू यंत्राचा पुढील टप्पा संवेदकांमुळे शक्य झाला. १९६८ मध्ये वॉल्टर स्टार्क यांनी ऑक्सिजनाचा आंशिक दाब मोजून तो आपोआप राखणारे पहिले इलेक्ट्रॉनीय यंत्र प्रचारात आणले. १९८७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वकुला झऱ्याच्या मोहिमेत बिल स्टोन यांनी अशा यंत्रावर सलग २४ तास पाण्याखाली राहून दाखविले. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये हौशी पाणबुड्यांसाठी अशा यंत्रांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले व तोपर्यंत सैनिकी असलेले साधन सर्वसामान्यांच्या हाती आले.

लाभ : वायूची बचत हा पहिला लाभ होय. हीलियम महाग असल्याने खोल निमज्जनात ही बचत मोठी ठरते. दुसरा लाभ वेळेचा; एका भरणीत दोन-तीन तास काम करता येते. तिसरे असे की, मिश्रवायू यंत्र प्रत्येक खोलीवर ऑक्सिजनाचे अनुकूल प्रमाण राखते, त्यामुळे शरीरात नायट्रोजन कमी विरघळतो व वर येताना थांबण्याचा काळ घटतो. चौथा लाभ शांततेचा आहे. बुडबुडे नसल्याने मासे बुजत नाहीत. म्हणून सागरी जीववैज्ञानिक व छायाचित्रकार यांना ते सोईचे पडते. ऑस्ट्रियाचे हान्स हास यांनी १९४२ मध्ये ईजियन समुद्रातील जलचरांचे चित्रण अशाच संचाने केले.

धोके : मुख्य धोका शरीराच्या एका स्वभावधर्मातून निर्माण होतो. श्वास कोंडला असता जी घुसमट होते, ती ऑक्सिजनाच्या उणिवेमुळे नव्हे, तर प्रामुख्याने रक्तात वाढलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे होते. ही घुसमट म्हणजे निसर्गाने दिलेली धोक्याची घंटा होय. पुनःश्वसन यंत्र नेमका तोच वायू काढून टाकते. त्यामुळे ऑक्सिजनाचा पुरवठा बंद पडला, तरी पाणबुड्याला काहीच जाणवत नाही. तो सुखाने श्वास घेत राहतो आणि अचानक बेशुद्ध होतो. वर येतानाही हा धोका असतो. समजा, २० मी. खोलीवर मंडलातील ऑक्सिजन ७ टक्क्यांपर्यंत उतरला आहे. तेथील दाब तिप्पट असल्याने त्याचा परिणाम पृष्ठभागावरील २१ टक्क्यांइतका होतो व माणूस ठीक असतो. तोच वर आला की, तिप्पट दाब नाहीसा होऊन खरोखरीचे ७ टक्केच उरतात आणि पृष्ठभागाच्या जवळच त्याची शुद्ध हरपते.

दुसरा धोका याच्या उलट, ऑक्सिजनाच्या अतिरेकाचा. त्याचा आंशिक दाब सुमारे १.६ बार या मर्यादेपलीकडे गेला की, झटक्याची शक्यता वाढते. पाण्याखाली झटका येणे म्हणजे बहुधा बुडणेच असते. तिसरा धोका शोषक संपल्याने, नीट न भरल्याने अथवा श्रम त्याच्या शक्तीबाहेर गेल्याने कार्बन डाय-ऑक्साइड साठण्याचा. यात घुसमट जाणवते. पण डोके दुखणे, भीती व गोंधळ यांमुळे पर्यायी टाकीचे नळकांडे तोंडात धरण्याइतकेही भान कित्येकदा राहत नाही. शोषकात पाणी शिरल्यास तयार होणारा क्षारीय द्रव तोंड व घसा भाजतो. संवेदक जुने होणे, विद्युत् घट उतरणे, झडप उलटी बसणे अशा साध्या चुकाही येथे प्राणघातक ठरतात. १९९८ ते २०१० या काळात जगात हौशी पाणबुड्यांच्या अशा १८१ मृत्यूंची नोंद झाली. यंत्रे वापरणाऱ्यांची संख्या अल्प असल्याने, हा धोका नेहमीच्या संचाच्या अनेक पट असल्याचे अभ्यासकांचे अनुमान आहे.

श्रमाचा धोका किती असतो, हे दक्षिण आफ्रिकेतील बूशमन्स होल या जलविवरातील घटनेवरून दिसते. तेथे १९९४ मध्ये बुडालेल्या एका तरुण पाणबुड्याचा मृतदेह डेव्हिड शॉ यांना ऑक्टोबर २००४ मध्ये सुमारे २७० मी. खोलीवर आढळला. तो वर आणण्यासाठी ८ जानेवारी २००५ रोजी ते पुन्हा उतरले. दोरात गुंतल्याने त्यांना जादा श्रम करावे लागले, कार्बन डाय-ऑक्साइड साठला व त्यांचा मृत्यू झाला. यंत्र बिघडलेले नव्हते. काम यंत्राच्या व फुप्फुसांच्या शक्तीबाहेर गेले होते.

कर्जत व खालापूर येथील जलाशय : या दोन तालुक्यांतील पाण्याचे स्वरूप जलविद्युत् प्रकल्पांनी बरेच बदलले आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे ५०० मी. खाली आणून टाटांचे खोपोली येथील वीजगृह १९१५ मध्ये व कर्जत तालुक्यातील भिवपुरी वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. वीजगृहांतून सुटणारे पाणी अनुक्रमे पाताळगंगेत व पेज नदीत जाते. म्हणून इतर नद्या आटतात, त्या उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या असतात व सहलीसाठी येणाऱ्यांची त्यांच्या काठी गर्दी होते. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर नवी मुंबईस पाणी पुरविणारे मोरबे धरण आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर लोटणारी गर्दी व होणारे अपघात पाहून अलीकडच्या वर्षांत जिल्हा प्रशासनाला धबधबे व धरणे यांच्या परिसरात बंदीचे आदेश वारंवार काढावे लागले आहेत. माथ्यावरील लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा स्थानिक बचाव पथकांबरोबर नौदलाचे पाणबुडेही शोधकार्यात होते.

अशा ठिकाणी शोधाचा आरंभ बहुधा गावातील पट्टीच्या पोहणाऱ्यांपासून होतो. डोहाचा तळ, कपारी व भोवरे यांची माहिती त्यांनाच असते. दोर, गळ, होडी व रोखलेला श्वास ही त्यांची साधने. त्यानंतर बचाव पथके व पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येतात. पुनःश्वसन यंत्राचे गुण या कामात फारसे उपयोगी पडत नाहीत. डोहाची खोली बेताची असल्याने वायूची बचत गौण ठरते. लपून राहण्याचे कारण नसते, उलट वर येणारे बुडबुडे काठावरच्या सहकाऱ्याला पाणबुड्याचा ठावठिकाणा व त्याचा श्वास चालू असल्याची खूण देतात. पाणी गढूळ असल्याने मनगटावरील दाबमापक व ऑक्सिजनदर्शक वाचता येत नाहीत आणि ज्या यंत्रात दर थोड्या वेळाने दर्शक पाहणे हाच जिवाचा आधार, ते अंधारात वापरणे म्हणजे डोळे झाकून चालणे होय. ओढीविरुद्ध पोहणे व दगडांतून जड भार काढणे यांत श्रम अधिक होतात. शिवाय यंत्राची पूर्वतपासणी सावकाश व क्रमवार करावी लागते. काठावर आप्तांचा आक्रोश चालू असता ती घाईत उरकली जाण्याचा संभव असतो. म्हणून येथे दोराने जोडलेला पाणबुडा, साधा विवृत संच, जादा हवेची सोय व काठावर तयार असलेला दुसरा पाणबुडा हीच पद्धत श्रेयस्कर होय. खोल व अवघड जागी माणसाऐवजी उपकरण पाठविणे अधिक इष्ट असते. मेघालयातील क्सान येथे डिसेंबर २०१८ मध्ये पाण्याने भरलेल्या कोळसा खाणीत नौदलाने दूरनियंत्रित जलवाहनाचा उपयोग केला व जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या साहाय्याने एक मृतदेह सापडला.

बंद श्वासाचा धडा मात्र पाण्यापुरता मर्यादित नाही. खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील टाक्या, जुन्या विहिरी व मैलाकुंडे यांत ऑक्सिजन कमी झालेला असल्यास आत उतरणाऱ्यालाही कसलीच घुसमट न जाणवता तो कोसळतो आणि त्याला काढण्यासाठी धावलेला दुसराही त्याच्यामागून जातो. ऑक्सिजन आहे की नाही, हे शरीराला कळत नाही. ते मोजावे लागते. पुनःश्वसन यंत्राच्या इतिहासातील बहुतेक मृत्यू या एका वाक्याच्या विस्मरणातून घडले आहेत. नळी, बुडबुडे व घुसमट या पाणबुड्याला सांभाळणाऱ्या तीन खुणा यंत्राने दूर केल्या. त्यांची जागा शिक्षण, तपासणी व मापन यांनी भरून निघते, तेथेच त्याचा वापर समर्थनीय ठरतो.